नाही म्हणायला आलेले कुसाका-सान

त्या वर्षी आमच्या फ्रीजरमध्ये मटार नव्हते, खवलेला नारळ नव्हता, आईने रविवारी लाटून आठवडाभर पुरवायच्या पोळ्याही नव्हत्या. सगळा फ्रीजर बाबाने बळकावला होता आणि त्यात नुसता बर्फ होता. साध्या पाण्याचा, मिठाच्या पाण्याचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा, अर्धवट वितळवून पुन्हा गोठवलेला. वाट्यांत, डब्यांत, माझ्या शाळेच्या जुन्या डब्यातसुद्धा. आई ऑफिसला आणि मी शाळेला गेले की बाबा एकेक तुकडा काढून खिडकीत काळ्या कापडावर ठेवायचा आणि वितळून जायच्या आत तो रंगवायचा. संध्याकाळी आम्ही घरी यावं तर घरभर ओली फडकी आणि टेबलावर वाळत टाकलेले कागद. "मुक्ता, हा बघ, हा मिठाचा! पोटात कसा धुरकट आहे बघ!" बर्फाच्या पोटाशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या पोटाचं काय ते आधी बघ, असं मी त्याला तोंडावर सांगायचे. मग तो गडबडीने कुकर लावायचा, कारण आमच्या घरात रविवार सोडून स्वयंपाक त्याच्याकडे होता, आणि वरणाला फोडणी देतानाही एक डोळा त्या तुकड्यावर ठेवायचा.

आता मी तेव्हाच्या आईबाबांपेक्षा पुष्कळ म्हातारी झाले आहे. इथे जपानात, फुनाबोरीच्या माझ्या घरात मिठाच्या बर्फाचा तो कागद अजून आहे. येणारेजाणारे विचारतात, हे काय, ढग का? मी हो म्हणते. कुठे सांगत बसायचं!

बाबा मूळचा तक्ते काढणारा. शाळेच्या भिंतीवर टांगतात ते, वरखाली लाकडी पट्ट्या मारलेले. फळे, भाज्या, वाहतुकीची साधने, आपले मदतनीस. पुण्यात त्याचं त्यावर बरं चाललं होतं. त्यातला एक तक्ता होता 'बर्फाळ प्रदेशातील जीवन'. त्यात इग्लू, स्लेज ओढणारे कुत्रे, फरची टोपी घातलेला एक गोल चेहऱ्याचा हसरा माणूस, आणि एकाच बर्फावर शेजारीशेजारी पांढरं अस्वल आणि पेंग्विन. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, त्या दोघांची जन्मात गाठ पडत नाही, हे बाबाला तक्ता छापून गावोगावी गेल्यावर कळलं. छापणारे म्हणाले, "असू द्या हो, मुलांना आवडतं." पण बाबाच्या मनाला ते फार लागलं. आणि अस्वलापेक्षाही जास्त लागला तो हसरा माणूस. "त्याला मी कधी पाहिलाच नव्हता गं," तो म्हणायचा, "नाव नाही, गाव नाही. एप्रिलच्या उन्हात पंख्याखाली बसून मी त्याला टोपी घातली आणि वर हसायला लावलं." एकदा तिथे जायचं, खरा बर्फ आणि खरा माणूस समोर बसवून काढायचा, ही इच्छा त्याने आईला लग्नाआधीच सांगितली होती म्हणे. आईला वाटलं, मुलगा गमतीदार आहे. पुढे काय वाढून ठेवलंय याची बिचारीला कल्पना नव्हती.

आईला तिच्या कंपनीने जपानला पाठवलं आणि आम्ही तिघं निशी-कसाईत आलो. आई तिथे सबनीस-सान झाली, मी जपानी शाळेत जाऊन महिन्याभरात पोपटासारखी बोलायला लागले, आणि बाबा मात्र नुसता "सबनीस-सानचे मिस्टर" होऊन बसला. जपानी शाळांना त्याच्या तक्त्यांची काय गरज! त्यात मार्चमध्ये तो मोठा भूकंप झाला. आमच्या घरात बरण्या फुटण्यापलीकडे काही झालं नाही, पण पुण्याहून रोज फोन. बाबा आणि मी काही आठवडे पुण्याला जाऊन आलो. आई इथेच राहिली, कारण तिच्या हाताखालच्या कुणीच काम सोडलं नव्हतं आणि तिला ते सोडून जाणं बरं वाटेना. परत आलो तर घराचं रूप पालटलेलं. दाराशी पाठीवरची पिशवी भरून ठेवलेली, बाथटब पाण्याने भरलेला, आणि आई जेवताना मधूनच वर बघणारी. आमच्या दिव्याला बंद-चालू करायची एक लांब दोरी होती. जमीन जराशी हलली की ती दोरी सर्वांत आधी झुलायची. त्या दोरीकडे बघायची सवय आम्हाला तिघांनाही पुढे आयुष्यभर राहिली.

त्या दिवसांत बाबाने मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये बाइतो धरला. इथे अर्धवेळ कामाला बाइतो म्हणतात. आम्ही घरात अंडंही न आणणारे, आणि बाबा गोठलेले मासे ओढायला! संध्याकाळी तो आला की आई दारातूनच ओरडायची, "आधी आंघोळ! कशाला हात लावू नकोस!" पण बाबा खुशीत होता. कारण तिथे आतमध्ये ध्रुवावर असते तसली थंडी होती, आणि ती थंडी त्याला फुकट मिळत होती. सुट्टीच्या वेळात तो तिथेच एका खोक्यावर बसून बरोबरच्या माणसांना काढायचा. भुवयांवर दव गोठलेले आजोबा, वाफेत अर्धी दिसणारी बाई, हातमोजे काढून बोटांवर फुंकर घालणारा मुलगा. ब्रशवरचं पाणी कागदाला लागायच्या आत गोठायचं. म्हणून त्याने कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्वस्त दारूची एक छोटी बाटली आणली आणि रंग त्यात कालवायला लागला. ती बाटली आईला रंगपेटीत सापडली.

"अगं, रंगासाठी आहे ती! नुसतं पाणी गोठतं!"

"हो का? मग रंगाला बरोबर चकणा काय देतोस?" आई म्हणाली.

शेवटी त्याने तिथे पेन्सिलीवरच भागवायचं ठरवलं. आकार पेन्सिलीने काढायचा, रंगाचं नाव बाजूला लिहून ठेवायचं आणि घरी येऊन भरायचा. ती नावं मराठीत असायची. ताकाचा. पेजेचा. तुरटीचा. चुन्याच्या निवळीचा. सायीखालच्या दुधाचा. मला वाटायचं, हा चित्र काढतोय की किराणा आणायला निघालाय!

ही चित्रं त्याने एका संस्थेकडे पाठवली. ही संस्था दर उन्हाळ्यात उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात शास्त्रज्ञांचं एक जहाज पाठवायची आणि जहाजावर एक जागा चित्रकारासाठी राखून ठेवायची. बर्फ, किनारा, वाटेत लागणाऱ्या वस्त्यांवरची माणसं, हे सगळं त्याने रंगवून आणायचं. आईनेच त्या जागेची जाहिरात ऑफिसात वाचली होती. बाबाची चित्रं तिथे सगळ्यांना आवडली. आता फक्त मोहिमेच्या प्रमुखांचा होकार राहिला होता. त्यांचं नाव कुसाका-सान.

हे होणं आम्हाला किती गरजेचं होतं, ते सांगायला हवं. बाबाने आईला सरळ सांगून टाकलं होतं, "हे झालं नाही तर मी पुण्याला परत जातो. इथे मी नुसता उरलोय." तो रागावून बोलला असता तर आईने दोन शब्द सुनावले असते. पण तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि आईने नुसती मान हलवली. तिचं काम इथे, माझी शाळा इथे. म्हणजे जहाज मिळालं तर बाबा उन्हाळ्यापुरता जाणार, आणि नाही मिळालं तर कायमचा. मी तेव्हा सहावीत होते, पण एवढं गणित मला कळत होतं. मी रोज देवापुढे उभी राहून आधी जपानीत आणि मग मराठीत सांगायचे, न जाणो देवाला कुठली चालते!

एका शुक्रवारी कुसाका-सानांचा फोन आला. रविवारी साडेअकराच्या सुमारास थोडं बोलायला आलो तर चालेल का? आईने हो म्हटलं, फोन ठेवला आणि पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. "साडेअकराला येतोय म्हणजे जेवायला येतोय." मी म्हटलं, "आई, जपानमध्ये तसं नसतं. जेवणाच्या आत निघायचं म्हणूनच तो त्या वेळेला येतोय." आई म्हणाली, "जपानमध्ये नसेल. माझ्या घरात असतं." आणि तिने स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून आमरसाचे डबे आणले.

त्या रविवारी सकाळपासून घरात वेलदोड्याचा वास होता. पिवळी बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, तळलेल्या कुरडया. पुऱ्यांची कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो भिंतीवरची चित्रं पुन्हा पुन्हा सरळ करत होता, सरळ असलेली वाकडी करत होता. दुभाषी मी. आईचं जपानी ऑफिसापुरतं, बाबाचं मासे ओढण्यापुरतं. "नीट मोठ्या माणसांसारखं बोल," आईने तिसऱ्यांदा बजावलं.

बेल वाजली. दारात उंचसे, उन्हाने रापलेले गृहस्थ. साठीच्या आतले असतील, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि डोळे आत गेलेले, बरेच दिवस धड न झोपल्यासारखे. बूट काढून त्यांनी ते बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट लावले आणि दोन्ही हातांनी मिठाईचा खोका पुढे केला. तो खोका मी घेतला. चांगलाच जड होता. आमच्या शाळेत, आमच्या बिल्डिंगमध्ये मी पाहिलं होतं, सहज भेटायला येणारे हलकासा पुडा आणतात. इतका जड, इतक्या भारी कागदात गुंडाळलेला खोका माणूस आणतो तो माफी मागायला. आणि बाबाची माफी ते कशाबद्दल मागणार? एकच गोष्ट होती.

ते बैठ्या टेबलाशी गुडघे मोडून ताठ बसले. "आज मी एका कठीण गोष्टीबद्दल..." त्यांनी सुरुवात केली, आणि आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते दचकले. छे छे, एवढा त्रास कशाला, मी लगेच निघणार होतो. मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, गरम पुरी थांबत नाही." मी सांगितलं. त्यांनी टेबलावर तरंगत यावी तशी फुगलेली पुरी पाहिली आणि नाइलाजाने हात जोडून 'इतादाकिमास', म्हणजे जेवायला सुरुवात करतो, असं म्हटलं. जपानी माणसाने एकदा ते म्हटलं की पुढे उठता येत नाही.

मग जी गंमत झाली ती फक्त आमच्याच दोन लोकांत होऊ शकते. कुसाका-सान समोर आलेलं काही टाकणारे नव्हते. पानात शिल्लक ठेवणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. आणि आमच्याकडे वाटी रिकामी दिसली की पाहुण्याला अजून हवंय! त्यातून त्यांनी आमरसाची वाटी मिसो सूपची उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावून संपवली. आईचा चेहरा असा काही खुलला! तिने वाटी काठोकाठ भरली, वर तुपाची धार. त्यांनी ती पाहिली, एक श्वास घेतला आणि तीही संपवली. आईने भरली. ते चॉपस्टिक्स खाली ठेवून "सबनीस-सान, खरं म्हणजे जहाजावर..." म्हणायला गेले की आई पुरी वाढायची. तोंडात घास घेऊन बोलणं त्यांना शक्य नव्हतं. घास संपून बोलावं तर पुढची पुरी. बाबा बिचारा प्रत्येक वेळी "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, म्हणत पुढे वाकायचा आणि वाक्य अर्ध्यातच राहायचं.

मला ते बघवेना. पुरी आणायच्या निमित्ताने मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, पुरे कर. ते नाही म्हणायला आलेत."

आईने झारा कढईत फिरवत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते मला दारातच कळलं. ऑफिसात काय मी गवत उपटते? पण माझ्या घरातून कुणी उपाशी पोटी नाही म्हणून जाणार नाही. जेवू दे, मग म्हणू दे." आणि मग हळूच म्हणाली, "शिवाय तो माणूस बघितलास का? किती दिवसांत कुणी वाढलेलं नाही त्याला."

मसालेभात झाला. दहीभात झाला. कुसाका-सानांच्या कपाळावर घाम आला होता. आई ताटं उचलत होती, बाबा बडीशेप शोधत होता. आता शेवटी ते बोलणार म्हणून मी समोर जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघून क्षीण हसल्यासारखं केलं, जराशी पाठ भिंतीला टेकवली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांची मान कलली. आमरसाने भल्याभल्यांना आडवं केलंय, आणि या बापड्याने तर तो आजवर चाखलाही नव्हता. आईने खुणेने मला नळ बंद करायला लावलं आणि स्वतः जाऊन त्यांच्या डोक्यामागे उशी सरकवली. ते तसेच उशीवर घसरत आडवे झाले.

बाबाने पेन्सिल कधी घेतली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता आणि काढत होता. जे सांगायला ते आले होते ते एव्हाना त्यालाही कळलं असणार, कारण त्याच्या चेहऱ्यावर सकाळची ती धावपळ राहिली नव्हती. तो नुसता बघत होता. इतकं नीट, इतकं माया करून बघताना मी त्याला क्वचितच पाहिलंय. मधेच जमीन हलली. फार नाही. दिव्याची दोरी झुलायला लागली, खिडकीच्या काचा किणकिणल्या. आई उंबऱ्यात उभी राहिली, मी टेबलाचा पाय धरला. कुसाका-सान मात्र जागे झाले नाहीत. दोरी थांबेपर्यंत आम्ही वर बघत होतो आणि त्यांचा श्वास एकसारखा चालला होता.

पाच वाजता वॉर्डच्या भोंग्यावर रोजचं संध्याकाळचं गाणं वाजलं, मुलांनी आता घरी जावं म्हणून वाजतं ते. त्याने ते जागे झाले. आधी त्यांना कुठे आहोत ते समजेना, आणि समजलं तेव्हा काय त्यांची अवस्था! चटईला कपाळ टेकवून माफी मागायला लागले. परक्याच्या घरी, पहिल्याच भेटीत, चार-पाच तास! आई म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडे आमरसानंतर जो झोपत नाही त्याला तो आवडला नाही असं समजतात." मी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांची नजर बाबाच्या मांडीवरच्या कागदावर गेली होती.

बाबाने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "ही माझी आई आहे."

मी ते मराठीत सांगायला गेले आणि मला कळेना, बरोबर ऐकलं का. ते हळूहळू बोलायला लागले. त्यांचं गाव उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. भूकंपाच्या त्या मार्चमध्ये ते स्वतः जहाजावर, दक्षिणेच्या बर्फात होते. आई गावी एकटी राहायची. भूकंपामागून आलेल्या समुद्राच्या लाटेने आई नेली, घर नेलं, घरातला एकूणएक फोटो नेला. ते परत पोहोचेपर्यंत दुसऱ्यांनीच सगळं आवरलं होतं. "तिचा चेहरा आठवायला गेलो की जास्तच पुसट होतो," ते म्हणाले. "स्वप्नात येते, पण चेहरा नसतो. म्हणून मी झोपायचं टाळतो. माझ्यात ती अशी आहे, हे मला कुणी दाखवलं नव्हतं." हे सगळं मी वाक्यावाक्याने आईबाबांना सांगत होते, आणि शेवटचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. मला रडू आलं. आईने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "राहू दे, कळलं आम्हाला."

मग कुसाका-सानांनी पाठ सरळ केली. "सबनीस-सान, मी आज नकार द्यायला आलो होतो. जहाजावर कॅमेरे खूप आहेत. एक जागा चित्रकाराला कशाला द्यायची, असं मला वाटत होतं. त्यातून तुम्ही गरम देशातले, मासे न खाणारे." बाबाने मान खाली घातली.

"तुमच्या पायाचं माप काय?" त्यांनी विचारलं.

बाबा आपल्या पायांकडे बघायला लागला. त्याला माप आठवेना की प्रश्न कळेना, कोण जाणे. "बर्फातले बूट मागवावे लागतात," कुसाका-सान म्हणाले, "वेळ लागतो." तेव्हा आई माझी वाट न बघता स्वतःच्या ऑफिसातल्या जपानीत ताडकन म्हणाली, "साडेसव्वीस सेंटिमीटर. पण आत लोकरीचे मोजे असणार ना? मग साडेसत्तावीस मागवा." आणि उरलेल्या पुऱ्या डब्यात भरायला निघून गेली.

त्यानंतर बाबा किती वेळा त्या बर्फात गेला, दोन्ही टोकांना! ज्यांनी त्याची चित्रं पाहिली आहेत त्यांना मी काय सांगणार? मला त्यातली समुद्राची फार आवडतात, ज्यात बर्फाच्या जागी त्याने कागद कोराच ठेवलाय आणि रंग फक्त सावल्यांना दिलाय. "बर्फ काढायचा नसतो, राखायचा असतो," तो म्हणायचा. पण त्याचा जीव होता तो माणसांत. वस्तीवर उतरला की तो आधी नाव विचारायचा, ते कसं उच्चारतात ते तोंडाने घोकायचा आणि मग पेन्सिल काढायचा. कानाला हेडफोन लावून जाळं विणणारा मुलगा, शिलाई मशीनवर फरचे बूट शिवणारी शाळामास्तरीण, बायकोने ओरडल्यामुळे तोंड पाडून बसलेला शिकारी. तक्त्यावर आपण त्यांच्या जमातीला जे नाव दिलं होतं ते त्यांना स्वतःला आवडत नाही, हेही त्याला तिथेच कळलं, आणि पुढे त्याने ते कधी उच्चारलं नाही. प्रत्येकाची तो दोन चित्रं काढायचा, आणि त्यातलं चांगलं कुठलं ते समोरच्याने ठरवून ठेवून घ्यायचं. म्हणजे आमच्या घरी आली ती सगळी दुसऱ्या पसंतीची. आईला हे कधी पटलं नाही. मला मात्र आज त्या भिंतीकडे बघताना वाटतं, त्याहून चांगली कुठेतरी त्या लोकांच्या घरांत आहेत, केवढं आपलं भाग्य!

पण मला सांगायचंय ते पहिल्या निघण्याबद्दल. उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात आम्ही बंदरावर गेलो. बाबाच्या अंगावर नवा कोट, त्यात तो वाफाळून निघाला होता, पण काढायला तयार नव्हता. इथे जहाज सुटताना एक रीत आहे. जहाजावरचा माणूस रंगीत कागदाच्या फितीचं भेंडोळं धक्क्यावर फेकतो, एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्याच्या माणसाच्या. जहाज हललं की भेंडोळं उलगडत जातं, आणि शेवटी फीत ताणून तुटते. बाबाने निळी फेकली. आईने ती क्रिकेटच्या झेलासारखी पकडली आणि आम्ही दोघी ओरडलो. सगळा कठडा रंगीबेरंगी झाला होता. फक्त कुसाका-सान टोकाला एकटे उभे होते आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. आमच्या शेजारी एका खलाशाची बायको होती. ती मला म्हणाली, त्यांची आई दर वेळी यायची गं, गावाहून रात्रभर प्रवास करून, आणि सर्वांत शेवटपर्यंत धरून उभी राहायची.

मी ते आईला सांगितलं. आईने एकदा त्या टोकाकडे पाहिलं, आणि मग आमच्या पेठेतल्या गल्लीत मला हाक मारायची त्या आवाजात, भर जपानी बंदरावर, शुद्ध मराठीत ओरडली, "कुसाका-सान! ओ कुसाका-सान! इकडे! इकडे फेका!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसाका-सानांनी मान हलवली, नको नको अशी. आई काही ऐकेना, हात पसरून उभीच. शेवटी बाबाच आपली फीत सांभाळत त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या हातात दोन भेंडोळी कोंबली. पहिलं त्यांनी फेकलं ते पाण्यात पडलं. दुसरं आईने घेतलं. पांढरं होतं.

भोंगा वाजला आणि जहाज हललं. आईच्या एका हातात बाबाची फीत, दुसऱ्या हातात त्यांची. फिती उलगडत गेल्या, ताणल्या, एकेक तुटायला लागल्या. लोक हात हलवून थांबले. आई थांबली नाही. पांढरी तुटू नये म्हणून ती जहाजाबरोबर धक्क्यावरून चालायला लागली, मग पळायला लागली, पर्स खांद्यावरून घसरली तरी. कुसाका-सानही कठड्याला धरून तिच्या बाजूला सरकत होते, तोंडाने काहीतरी म्हणत होते, ते आम्हाला ऐकू आलं नाही. धक्का संपला तिथे ती हात पुढे काढून, टाचा उंचावून उभी राहिली. मी धापा टाकत तिच्यापाशी पोहोचले तेव्हा ती पांढरी फीत अजून शाबूत होती, आणि तिच्या दुसऱ्या मुठीतून निळीचा तुकडा नुसताच खाली लोंबत होता. नवऱ्याची फीत केव्हा तुटली, तिला पत्ताच नव्हता.